रक्त आलं? अभिनंदन!

"एक थेंब दिसतोय का म्याडम? नीट बगा. थेंब न्हाई!"

सोपानभाऊ खुर्चीत आडवे होते. तोंड उघडं, गालात कापूस, आणि तरीही बोलत होते. ते खरंच बोलत होते: तोंडात कापूस असताना शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येणारा पेशंट मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांचं म्हणणंही खरं होतं. रक्ताचा थेंब नव्हता. आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

माझ्या हातात प्रोब होता. प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा केलेली बारीक, बोथट सळई. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक छोटी खाच असते, तिची खोली या सळईने मोजायची. हिरडी निरोगी असेल तर सळई दोन-तीन मिलिमीटर आत जाते आणि अडते. सोपानभाऊंच्या वरच्या समोरच्या दातांच्या मागे ती अडेचना. चार झाले, पाच झाले, सातच्या खुणेला जाऊन थांबली. इतक्या खोल खाचेला आम्ही पॉकेट म्हणतो. खिसाच तो. त्यात कीटण साठतं, जंतू राहतात, आणि मुळाभोवतीचं हाड विरघळत जातं. दात बोटाने हलवला तर पुढे-मागे झुलत होता.

एवढा खोल खिसा, त्यात मी सळई फिरवलेली. दुसऱ्या कुणाची हिरडी असती तर भळाभळा रक्त आलं असतं. यांची हिरडी फिकट, जाड, घट्ट. लांबून बघितली तर कुणीही म्हणावं, काय छान हिरडी आहे!

"बीडी किती वर्षं?" मी विचारलं.

"तुमाला कसं कळलं?"

"तुमची हिरडी बोलत नाही, त्यावरून."

त्यांना ते काही कळलं नाही. तेव्हा मीही जास्त फोड केली नाही. आधी एक्स-रे काढला.

माझं क्लिनिक लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली दात पाडायचं दुकान, वर बसवायचं, असं येणारे-जाणारे म्हणतात. मी मूळची बेडशाची. लेण्यांच्या खालच्या बाजूला आमची भाताची खाचरं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी सगळ्यांना सांगते, कारण सांगण्यासारखंच आहे. बीडीएसला ॲडमिशन मिळाली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, गावभर पेढे वाटून आले आणि मग हळूच मला म्हणाले, "दाताचं डॉक्टर म्हंजी पुरं डॉक्टर न्हाई का गं? बाकीचं मागनं शिकवत्यात का?"

तर एक्स-रे. समोरच्या दोन दातांभोवतीचं हाड निम्म्यावर आलं होतं. स्क्रीन फिरवून सोपानभाऊंना दाखवलं.

"बैल बांधायचा खुंटा कितपत पुरता तुम्ही?"

"निम्मा तरी जमिनीत पायजे."

"आणि भोवतालची माती धुपली तर?"

ते स्क्रीनकडे बघतच राहिले. चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्याडम," ते म्हणाले, "हे दात मला चैतापतुर तरी पायजेत."

आता सोपानभाऊ कोण, ते सांगायला हवं. ते कुरवंड्याचे. एरवी पर्यटकांना पॉइंट दाखवायची जीप चालवतात. पण मावळात त्यांना ओळखतात ते आवाजावरून. बैलगाडा शर्यतीचे ते निवेदक. ज्यांनी शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चढावरच्या धावपट्टीला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा धावतो, त्या एका धावेला बारी म्हणतात. पुढे घोडी, मागे बैल, आणि सगळं काही सेकंदांत संपतं. धुळीत धड दिसतही नाही. लोक शर्यत बघतात ती निम्मी कानांनी. स्टेजवरून निवेदक ओरडतो, "सुटली, सुटली, बारी सुटलीऽऽ भिर्रर्रर्र!" आणि डोंगराएवढी गर्दी उठून उभी राहते.

सोपानभाऊंचा 'सुटली'मधला 'स' बंदुकीतून निघाल्यासारखा निघायचा. समोरचे दात गेले की 'स' गेला. 'फ' गेला. उरतो तो नुसता वारा.

"मग कवळी बसवू की," माझी असिस्टंट वैशाली मध्येच बोलली.

सोपानभाऊ खुर्चीत ताडकन उठून बसले. "कवळीचं नाव काडू नगा, पोरी!"

मग त्यांनी आबांची गोष्ट सांगितली. आबा हे जुने निवेदक. त्यांच्याच हाताखाली सोपानभाऊ माईक धरायला शिकले. दात गेल्यावर आबांनी कवळी बसवून घेतली, आणि पुढच्याच घाटात 'भिर्रर्र' म्हणताना ती सुटली. माईकवर आपटली, भोंग्यातून खाडकन आवाज आला, आणि कवळी खाली धुळीत.

"लोकं अजून म्हणत्यात, त्या बारीला घोडीच्या आदी आबांची कवळी निशाणाला पोचली." त्यांनी हे हसत सांगितलं, पण पुढचं वाक्य बोलताना ते हसत नव्हते. "आबांनी परत माईक हातात धरला न्हाई. घाटातच येईनात. माणूस घरात बसून संपला."

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. चैत्रात त्यांच्या भागातली मोठी यात्रा. हातात होते ते मधले दिवस.

"दात वाचतील का?"

"गॅरंटी देत नाही. बीडी चालू राहिली तर मात्र एक गॅरंटी देते. जातील."

"पर म्याडम, बीडीनं तर हिरडी घट्ट ऱ्हाती."

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हणत्यात. बगा की. मी बीडी वडतो, मंडळी मिश्री लावती. आमच्या दोगांच्या तोंडातनं कदी थेंब न्हाई. आन आमचा मेव्हणा! ना बीडी, ना तंबाखू, ना सुपारी. तर त्याच्या बरशला रगत. आता कुणाचं खरं धरायचं?"

मला हसू आलं नाही. कारण हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्याही घरी सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास यायचा. भाजून, काळी भुकटी करून, बोटाने दातांना घासायची, ती मिश्री. दात दुखला लाव मिश्री, हिरडी सुजली लाव मिश्री. आणि खरंच, त्या बायकांच्या हिरड्यांतून सहसा रक्त यायचं नाही. नुसते दात पडायचे.

मी त्यांना समजावलं. तंबाखूतलं निकोटिन रक्ताच्या बारीक नळ्या आवळतं. हिरडीत रक्तच कमी येतं. लाली नाही, सूज कमी, घासताना रक्त नाही. म्हणजे दुखणं असतं, पण त्याची खूण दिसत नाही. वर जंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्तातूनच येतात, त्याही नीट पोचत नाहीत. मेव्हण्याची हिरडी तक्रार तरी करते. तुमची गप्प बसून हाड घालवते.

"म्हंजी मेव्हणा माज्यापरीस बरा?"

"हिरडीच्या बाबतीत, हो."

हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. एक्स-रेपेक्षाही.

कामाला लागलो. हिरडी बधिर करून खिशांच्या आतून मुळं साफ केली. याला रूट प्लेनिंग म्हणतात. हलणारे दात मागच्या बाजूने बारीक फायबरच्या पट्टीने शेजारच्या घट्ट दातांना बांधले. कच्चा बैल पक्क्या बैलाबरोबर जुंपतात, तसंच. आणि बीडी बंद. तलप मारायला औषधं मिळतात, हवी तर लिहून देते म्हटलं. "नगं," म्हणाले. "आबांची कवळी डोळ्यापुडं आणली की तलप जाती."

माणूस शब्दाचा पक्का. बीडी सोडली ती सोडली. जीपमधले पर्यटक काही दिवस त्यांच्या चिडचिडीनं घाबरले असतील, ते सोडा.

एक गोष्ट मी त्यांना बजावून सांगितली होती. बीडी सुटली की काही आठवड्यांत हिरडीत रक्त परत फिरायला लागेल. मग कदाचित ब्रश करताना थोडं रक्त दिसेल. घाबरायचं नाही, ब्रश थांबवायचा नाही, मला फोन करायचा.

मग तो फोन आला. मी क्लिनिक उघडत होते.

"म्याडम, घात झाला! चूळ भरली तर लाल! बरश लाल! इतक्या वर्षांत जे झालं न्हाई ते झालं!"

"आपोआप वाहतंय की ब्रश केल्यावरच?"

"बरश केल्यावर. पर म्याडम..."

"अभिनंदन!" मी ओरडले. अगदी ओरडले. जिन्यावरून खालच्या चिक्कीवाल्याने वर बघितलं. "सोपानभाऊ, अभिनंदन! रक्त आलं! तुमची हिरडी जिवंत झाली!"

खोटं कशाला सांगू, कॉलेजात हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण माझे बीडी ओढणारे पेशंट बीडी सोडतच नाहीत, त्यामुळे हे डोळ्यांसमोर घडताना कधी बघायला मिळालंच नव्हतं. आता घडत होतं! माझ्या खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात!

पलीकडून सोपानभाऊ अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, तुमची तब्बेत बरी हाय ना?"

"उद्या या," मी म्हटलं.

ते आले नाहीत. परवाही नाही. वैशालीने फोन लावले, उचलले नाहीत. शेवटी एकदा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कांतावहिनींनी उचलला. "त्यांचं बरं हाय आता. रगत थांबलंया. न्हाई येत म्हणले." आणि ठेवला.

रक्त थांबलं? खिसे भरून येण्याआधीच? माझ्या डोक्यात एकदम घंटा वाजली. काय लावलं असेल ते मला तिथेच कळलं. शेवटी मीही मावळचीच.

रविवारी स्कूटर काढली आणि कुरवंड्याचा रस्ता धरला. घर सापडायला अडचण नव्हती. अंगणात भोंगे, वायरी, अँप्लिफायर मांडून सोपानभाऊ यात्रेच्या तयारीला बसले होते. मला बघून उठले आणि ओठ घट्ट मिटून हसले. त्यावरूनच समजलं.

"तोंड उघडा."

"बसा तरी म्याडम. च्या..."

"तोंड उघडा, भाऊ."

उघडलं. हिरड्यांच्या कडेने काळी रेघ. मिश्री.

"ब्रश?"

"बंद केला. त्येनंच तर रगत यायचं. आता नुसतं बोटानं लावतो. हलक्या हातानं."

कांतावहिनी दारातून बाहेर आल्या. पदर खोचलेला. त्या मला घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. "मीच लावली. बीडी सोडा म्हनला तुमी, सोडली. मिश्रीचं कुटं काय म्हनला हुता?"

"मिश्री म्हणजे तंबाखूच की वहिनी. पुढच्या दाराने हाकलला आणि तुम्ही मागचं दार उघडलंत."

"आन रगत येऊ द्यायचं व्हय अंगातलं? नवऱ्याच्या तोंडातनं रगत, आन डॉक्टरीण फोनवर म्हनती अबिनंदन! सारी वस्ती हसली. हे म्हनले, ती पोरगी शिकून शिकून येडी झाली."

"मी न्हाई म्हणलो तसं," सोपानभाऊ घाईने म्हणाले.

"म्हनला. च्या पिताना म्हनला."

"कांते, गप की."

"बरं, पण मी सांगितलं होतं ना रक्त येईल म्हणून?" मी विचारलं.

"तवा तुमचं मशीन चालू हुतं माज्या तोंडात. कानात नुसती घरघर."

एक्स-रे, निकोटिन, पेशी, सगळं पुन्हा सांगून झालं. दोघं मान हलवत होते. पण ती मान मला ओळखीची आहे. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून हलवतात ती. मी हरायला आले होते. एकदा ते मिश्रीवर गेले की चैत्रात दात आतल्या आत सुटणार, आणि तेही न दुखता, न रक्त येता.

तेवढ्यात माझी नजर अँप्लिफायरवर गेली.

"भाऊ, हे चालू आहे?"

"हाय की. आत्ताच तपासला."

"वहिनी, माईक घ्या हातात."

"मी? मी काय बोलू?"

"यांच्याबद्दल जे बोलायचं ते. मनात साठलेलं. मनसोक्त."

मी आवाजाचं बटण पार शून्यावर आणलं. मग सोपानभाऊंना अंगणाच्या टोकाला, भोंग्याजवळ नेऊन उभं केलं. वहिनींनी माईकला ओठ लावून, आधी लाजत, मग हलक्या आवाजात पण तावातावाने बोलायला सुरुवात केली. हातवारे बघण्यासारखे होते. भोंग्यातून चकार शब्द नाही.

"वहिनी काय म्हणतायत?"

"ऐकू कुटं येतंय?"

"म्हणजे त्यांची काही तक्रार नाही. बरोबर?"

"आसं कसं? हात बगा की तिचं!"

"पण आवाज तर नाही. म्हणजे संसार उत्तम."

ते हसायला लागले, आणि मी पळत जाऊन बटण एका झटक्यात वर केलं.

"...समदी उशी बीडीनं वास मारती, गोधडीला भोकं, आन म्हाईत्येय का, तोंड जवळ आनलं की मी भितीकडं फिरती!"

कुरवंड्याच्या सगळ्या वस्तीने ते ऐकलं. समोरच्या डोंगराने परत ऐकवलं. कुठल्या तरी ओट्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. वहिनींनी माईक टाकला आणि तोंडाला पदर लावला. मी ताबडतोब बोलून घेतलं, कारण अशी संधी परत येत नाही.

"भाऊ, बटण वर केल्यामुळे वहिनींची तक्रार सुरू झाली का?"

"न्हाई. ती आदीपास्नंच चालू हुती."

"बटण खाली केलं तर मिटेल?"

त्यांनी अँप्लिफायरकडे बघितलं. मग जीभ हळूच समोरच्या दातांमागे फिरवली.

"म्हंजी बीडीनं बटण खाली केलतं."

"इतकी वर्षं."

"आन ती सोडल्यावर आवाज आला. त्यो तुमी म्हणला अबिनंदन."

"आणि मिश्रीने तुम्ही तो परत बंद केलात. तक्रार आहे तिथेच आहे."

सोपानभाऊ बायकोकडे वळले. "कांते, डबी आण."

वहिनींनी मिश्रीची डबी आणली, पण हातात घट्ट धरलेली. "ह्यांची बंद झाली. माजी कशाला?"

"तुमचं नंतर बघू," मी म्हटलं. एका दिवसात एकच घाट मारावा.

दुसऱ्याच दिवशी सोपानभाऊ क्लिनिकला हजर. मिश्री बंद झाल्यावर थोड्या दिवसांत रक्त पुन्हा दिसायला लागलं. या वेळी फोन आला तो असा: "म्याडम, आवाज आला! बरश लाल!" आणि दोघंही खो खो हसलो. उरलेले खिसे पुन्हा साफ केले. ब्रश कसा धरायचा, दातांच्या फटींत बारीक ब्रश कसा घालायचा, ते वैशालीने त्यांच्याकडून करून घेतलं. आता हिरडीत रक्त पोचत होतं, त्यामुळे उपचारालाही हिरडी दाद देत होती. आठवड्यागणिक रक्त कमी होत गेलं. यात्रेआधी मोजलं तेव्हा सातच्या जागी चार! मी आकडा मोठ्याने वाचला, वैशालीने टाळी वाजवली. हाड गेलं ते गेलं, ते काही परत उगवत नाही. पण उरलेल्या मातीत खुंटा घट्ट बसला होता.

तरी क्लिनिकमध्ये घट्ट असणं वेगळं आणि घाटात वेगळं.

यात्रेला मी दादांना घेऊन गेले. ऊन रणरणत होतं, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, हलगी कडाडत होती. आम्ही स्टेजच्या अगदी जवळ उभे राहिलो. सोपानभाऊ फेटा बांधून, माईक ओठांना लावून. पहिला गाडा जुंपला गेला. निशाण हललं.

"सुटलीऽऽ! सुटली, सुटली, बारी सुटलीऽऽ! आली घोडी, आली घोडी, मागं वादाळ, मागं वादाळ..."

प्रत्येक 'स' कानावर आपटत होता. गर्दी उभी राहिली, धुळीचा लोट आमच्या अंगावरून गेला, बैल नाकासमोरून निघून गेले, आणि मी बघत होते निवेदकाचे वरचे समोरचे दोन दात.

"आगं बैल तिकडं हायत!" दादा ओरडले. "कुटं बगतीस?"

"भिर्रर्रर्रर्रर्र!"

टिकले! फायबरची पट्टी जागेवर, दात जागेवर, 'भिर्र' शेवटपर्यंत अख्खी. मी उड्या मारल्या. आजूबाजूच्यांना वाटलं, गाडा आमचाच.

त्या दिवशी किती बाऱ्या झाल्या, मला माहीत नाही. सोपानभाऊंचा आवाज प्रत्येक बारीला चढत गेला. पूर्वी दोन बाऱ्यांच्या मध्ये बीडी पेटायची आणि दुपारनंतर घसा बसायचा, असं शेजारच्या एका गाडामालकाने सांगितलं. या वेळी बसला नाही. आणि मध्यंतरात त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"मंडळी, ध्यान द्या! हितं आपल्या बेडशाच्या डॉक्टरताई आल्या हायत. माजं दात त्यांनी ठेवलं, म्हणून आज तुमाला माजा आवाज ऐकू येतोय! तवा ऐका. ज्येच्या हिरडीतनं रगत येतंय, त्यानं उद्या त्यांच्याकडं जावं. आन जो बीडी वडतो आन ज्येच्या हिरडीतनं रगत येत न्हाई, त्यानं आजच जावं!"

गर्दी हसली. अनेकांनी खिसे चाचपले. कशासाठी ते सांगायला नको.

माझ्या शेजारच्या माणसाने दादांना विचारलं, "तुमची कोण?"

"माजी लेक," दादा म्हणाले. "डॉक्टर हाय."

'दाताची' हा शब्द त्यांनी त्या दिवशी वापरला नाही. त्यानंतरही नाही.

पुढच्या आठवड्यात सोपानभाऊ तपासणीला आले. सळई फिरवली. रक्त नाही. या वेळी मी घाबरले नाही, कारण सळई लगेच अडत होती. हिरडी दोन कारणांनी गप्प बसते. एक, तिची काही तक्रार नसते. दुसरं, तिचं बटण कुणीतरी खाली केलेलं असतं. आरशात बघून यातला फरक कळत नाही, खोली मोजावी लागते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

त्यांच्याबरोबर कांतावहिनीही आल्या होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर हातात पिशवी धरून बसल्या होत्या. सोपानभाऊ उठले तशी त्या येऊन माझ्या खुर्चीत आडव्या झाल्या. मी प्रोब घेतला. एक दात, दुसरा, तिसरा.

"बगा," वहिनी तोंड उघडं ठेवूनच म्हणाल्या, "हाय का एक तरी थेंब?"

"कांते, आनंद करू नगंस!" दारातून सोपानभाऊंचा घाटातला आवाज आला. "त्येच तर वाईट हाय!"

सळई पाचवर जाऊन थांबली. मी वैशालीला बधिर करायचं इंजेक्शन भरायला सांगितलं. वहिनींनी पिशवीतून मिश्रीची डबी काढली आणि स्वतःच्या हाताने माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. झाकणासकट.